बेटाला सतरा फेऱ्या

गोड्या पाण्यातल्या बेटावर दरवर्षी भरणारी आशिया खंडातली पहिली मॅरेथॉन शर्यत आमच्या मावळात सुरू झाली, आणि या प्रांताच्या शौर्याच्या इतिहासाला तिनं एक नवं पान जोडलं.

हे वाक्य माझं नाही. ते आमच्या क्रीडा मंडळाच्या अध्यक्षांचं आहे. प्रत्येक बक्षीस समारंभात मी ते ऐकलं, आणि तेही पंचांच्या खुर्चीवरून, म्हणजे उठून जाता येणार नाही अशा जागेवरून. त्यातलं गोडं पाणी तेवढं निर्विवाद. बेट होतं, पण पावसाळ्यानंतर चार-पाच महिनेच. होळीच्या सुमाराला पाणी उतरलं की त्याची पुन्हा टेकडी व्हायची आणि गुरं पायी चालत तिच्यावर चरायला जायची. दरवर्षी म्हणाल तर मधली दोन वर्षं शर्यत झालीच नाही. एकदा होडीला भोक पडलं म्हणून, आणि एकदा अध्यक्षांच्या मुलीचं लग्न नेमकं त्याच रविवारी निघालं म्हणून. आशिया खंडाच्या दाव्याला मात्र कुणी हरकत घेतली नाही. खंडात दुसऱ्या कुणाला असली शर्यत सुचलीच नसावी.

मी तेव्हा लोणावळ्याच्या शाळेत इतिहास शिकवत असे. इतिहासाच्या मास्तराला सनावळ्या पाठ असतात, तेव्हा त्याला घड्याळही चांगलं कळत असणार, अशा विचारानं अध्यक्षांनी मला पहिल्याच वर्षी पंच नेमलं. अध्यक्ष निवृत्त इंजिनिअर होते. तुंगार्लीला तळ्याच्या अंगाला त्यांचा बंगला होता, आणि कशाचं तरी उद्घाटन केल्याशिवाय त्यांना रविवार गोड लागत नसे. छप्पन सालच्या ऑलिंपिकच्या बातम्या वाचून त्यांनी ठरवलं की मावळाला मॅरेथॉन हवी. मावळे इथले, डोंगर इथले, मग पळायला परके का? हा मुद्दा बिनतोड होता. म्हणजे त्यावर काय उत्तर द्यायचं ते कुणालाच कळलं नाही.

पहिली शर्यत मुंबई-पुणे रस्त्यावर झाली. लोणावळ्याहून निघायचं, कार्ल्यावरून पुढं जायचं आणि वडगावहून परत फिरायचं. पहिले दोघं इतक्या ताज्या चेहऱ्यानं परत आले की अध्यक्षांना गहिवरून आलं. हार घालताना एकाच्या खिशातून बसचं तिकीट खाली पडलं. दुसऱ्यानं विचारण्याआधीच सांगून टाकलं की आपण बसनं मुळीच आलो नाही, पेंढ्याच्या ट्रकमधून आलो. त्या संध्याकाळी अध्यक्षांनी बेट शोधून काढलं. बेटाला बस जात नाही.

हे बेट म्हणजे लोणावळ्यापलीकडच्या डोंगराआड, एका जुन्या धरणातली टेकडी. धरण झालं तेव्हा तळातलं गाव पाण्यात गेलं. माणसं वर डोंगराच्या उतारावर जाऊन राहिली आणि तिथं त्यांची वाडी झाली. त्यांची देवी मात्र टेकडीच्या माथ्यावर होती. पाणी टेकडीच्या कमरेपर्यंत चढलं आणि थांबलं. तेव्हापासून माणसं अलीकडं, देवी पलीकडं, आणि मध्ये मुंबईचे दिवे लावणारं पाणी, अशी वाटणी झाली होती.

काठाकाठानं बेटाला वेढा घालणारी एक पायवाट होती. अध्यक्षांनी ती मोजणीच्या साखळीनं मोजून घेतली. सतरा फेऱ्यांत सव्वीस मैल आणि वर थोडंसं काही उरतं, असा हिशेब निघाला. ते वरचं थोडंसं झेंड्याच्या खांबापर्यंत जाऊन परत येण्यात भागवलं. फेऱ्या मोजण्याची युक्तीही त्यांचीच. अध्यक्षांच्या पत्नी लाल लोकरीची कडी विणून देत. प्रत्येक फेरीला पंचानं धावणाऱ्याच्या हातात एक कडं घालायचं. सतरा कडी झाली की खांबाकडं सुटायचं. धरणात पाणी जास्त असेल तर बेट लहान होतं आणि कमी असेल तर मोठं, त्यामुळे आपली मॅरेथॉन दर साली वेगळ्या लांबीची भरते, ही गोष्ट आमच्या भूगोलाच्या मास्तरांनी एकदा सभेत काढली होती. शर्यतीचा विक्रम ज्या साली झाला त्या साली धरण सांडव्यावरून वाहत होतं, हेही त्यांनी लक्षात आणून दिलं. पुढच्या वर्षी त्यांना पंचांत घेतलं नाही. शेवटी बहात्तरच्या दुष्काळात पाणी भरलंच नाही, त्यामुळे बेट झालंच नाही, आणि बंद पडलेली शर्यत पुन्हा काही उभी राहिली नाही.

पण मला सांगायचं आहे ते पासष्ट सालचं.

त्या साली सीमेवर लढाई झाली आणि देशभर धरणांवर पहारे बसले. लढाई थांबली, पहारे राहिले. आमच्या धरणावर बंदूकधारी हवालदार आला आणि पाण्यात होड्या घालायला बंदी झाली. वाडीच्या लोकांची त्यात पंचाईत झाली. भात झोडून झालं की येणाऱ्या पहिल्या मंगळवारी अख्खी वाडी होडीनं बेटावर जात असे, आणि घराघरातून देवीची ओटी भरली जात असे. ही ओटी वर्षातून एकदाच. तिच्यातही पहिल्या ओटीचा मान एका घराचा होता. मानाच्या घराची ओटी एखाद्या साली चुकली, की मान भावकीतल्या दुसऱ्या घरात जायचा, असा त्यांचा रिवाज. वाडीतली शहाणी माणसं हवालदाराला भेटून आली, लोणावळ्यात एका कचेरीतही जाऊन आली. कचेरीतल्या माणसानं विचारलं, देवी दुसरीकडं हलवता येणार नाही का?

अध्यक्षांची मात्र वर ओळख होती. त्यांनी शर्यतीपुरती परवानगी मिळवली: एक दिवस, एक होडी, बेटावर फक्त स्पर्धक, पंच आणि निमंत्रित.

ही बातमी वाडीत कशी पोचली ते मला ठाऊक नाही. नावं नोंदवायच्या दिवशी आम्ही अध्यक्षांच्या व्हरांड्यात बसलो होतो, तर फाटकातून एकामागून एक माणसं आत येऊ लागली. पुढं एक काटक, काळी, पन्नाशीची बाई. तिच्या मागं वाडीतल्या घरटी एकेक माणूस. बाया, बापये, एक लंगडणारा आबासुद्धा.

‘कशात भाग घ्यायचाय?’ मी विचारलं.

‘ज्यात होडी हाय त्यात,’ ती बाई म्हणाली.

‘मावशी, ही पळायची शर्यत आहे. सव्वीस मैलांची.’

‘व्हय की. आमी कुटं न्हाई म्हन्तोय?’

‘तुमचं वय काय?’

‘धरान बांदलं तवा मी रांगत व्हते म्हनं. लावा तुमीच हिशेब.’

अध्यक्षांचा चेहरा उजळला होता. डोंगराळ भागातल्या बांधवांत आणि भगिनींत क्रीडेची एवढी ओढ निर्माण झाली, याचं श्रेय कुणाला हे ते बोलले नाहीत, पण बाकीच्यांना बोलायला वेळ दिला. मी हळूच विचारलं, ‘मावशी, देवीचा वार मंगळवार. शर्यत तर रविवारी.’

‘इचारलं देवीला. घरच्या टाकाला कौल लावला. उजवा दिला तिनं.’ मग माझ्याकडं पाहून म्हणाली, ‘तिलाबी ठावं हाय, तुमाला सुट्टी रविवारची.’

ही बाई मानाच्या घरातली होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती लेक आंबीला दिलेली. घरात ती एकटी, आणि मान तिच्या एकटीवर टेकलेला; ओटी घराची, तिथं सुवाशीण-विधवा बघत नसत. तिच्या मागंच तिचा चुलत दीर उभा होता. मान चुकला तर तो त्याच्या घरी जाणार होता. त्यानंही नाव दिलं.

शर्यतीच्या दिवशी सकाळी पाण्यावर धुकं होतं. होडीच्या खेपा झाल्या. पुण्याहून आलेले कॉलेजातले पाच-सहा तरुण खिळ्यांचे बूट घालून उड्या मारत होते. आमचा नेहमीचा विजेता, कार्ल्याजवळच्या गावचा रेल्वेतला फिटर, एका दगडावर बसून पायाला तेल चोळत होता. त्याच्या बापानं छप्पन साली धर्म बदलला तेव्हा घरातले देव नदीत सोडले, असं त्यानंच मला एकदा सांगितलं होतं. आणि वाडीची मंडळी नऊवारीत, धोतरात, डोक्यावर पाट्या घेऊन उभी. पाट्यांत नारळ, खण, तांदूळ, हळदकुंकू.

‘मास्तर,’ फिटर म्हणाला, ‘यांच्यापुढं आपलं काही खरं नाही. यांनी जेवण बरोबर आणलंय.’

भाषणं झाली. पिस्तुलाचा बार काढायला हवालदारानं मनाई केली, म्हणून अध्यक्षांनी शाळेतून आणलेली घंटा वाजवली. तरुण काठानं उजवीकडं सुटले. वाडीची मंडळी सरळ देवळाच्या चढाला लागली.

‘थांबा! थांबा!’ अध्यक्ष भोंग्यातून ओरडले. मग त्यांनी त्या सगळ्यांना खाली बोलावून जे समजावलं, ते तर्काच्या दृष्टीनं निर्दोष होतं. ज्यानं मार्ग सोडला तो शर्यतीतून बाद. जो बाद तो स्पर्धक नव्हे. जो स्पर्धक नव्हे त्याला बेटावर थांबायची परवानगी नाही. देवळाची वाट हा शर्यतीचा मार्ग नाही. तेव्हा देवळात जायचं असेल तर आधी शर्यत पुरी करावी. हवालदारानं बंदूक एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि मान डोलावली. नियम म्हणजे नियम.

वाडीच्या मंडळींत कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, ‘लय झालं ह्ये.’ लंगड्या आबानं विचारलं, ‘सतरा म्हंजी येकदम सतरा?’

मानाच्या घरच्या मावशीनं डोक्यावरची पाटी नीट केली. ‘पाच देवीच्या घालायच्याच व्हत्या,’ ती म्हणाली. ‘ऱ्हायल्या बारा. त्या सायबाच्या नावानं घालू.’ आणि ती चालू लागली. तिच्यामागं सगळे.

मी जांभळीखाली टेबल मांडून बसलो होतो. पहिली फेरी संपवून मावशी आली. मी लोकरीचं कडं तिच्या हातात घातलं. तिनं ते कपाळाला लावलं आणि वाकून मला नमस्कार केला. मागच्या बाईनं तेच केलं. मग सगळ्यांनीच. देवीच्या दिवशी, देवीच्या बेटावर, प्रदक्षिणा झाल्यावर कुणीतरी हातात लाल दोरा घालतो, तर तो देवीचाच असणार, यात त्यांना शंका घेण्यासारखं काही दिसलं नाही. तीन फेऱ्यांनंतर माझ्या टेबलावर हळदकुंकू पडलं होतं आणि एका बाईनं मुलाच्या खोकल्याचं काय करावं असं विचारलं होतं. मी डॉक्टरकडं न्या म्हणालो. ‘तसा कौल दिला म्हना,’ ती मागच्या बाईला म्हणाली. पुजारीपणाची मी आयुष्यभर टर उडवली होती. तो किती सहज अंगावर येऊन पडतो हे मला माहीत नव्हतं.

ते पळत नव्हते. पण ती चाल आपल्या चालण्यासारखीही नव्हती. गुडघा जरा वाकलेला, मान स्थिर, पाऊल दगडावर टेकतं न टेकतं तोच पुढचं. डोक्यावरची पाटी मुळी हलत नसे. सुरुवातीला तरुणांनी त्यांना मागं टाकलं, मग एक फेरी जास्त काढून पुन्हा मागं टाकलं, हात हलवून हसले. ऊन चढलं तसे ते बूट काठावरच्या दगडांत घसरू लागले. दुपारपर्यंत ते सगळे एकामागून एक सावलीत येऊन आडवे झाले. फिटर तेवढा पळत होता, आणि दुपार व्हायच्या आत त्यानं शेवटचं कडं घेतलं, खांबाला हात लावून आला आणि पहिला आला. टाळ्या वाजवायला आमच्याखेरीज कुणी मोकळं नव्हतं.

मग वाडीतली माणसं एकेक करून बसू लागली. पहिला लंगडा आबा. हवालदार त्याच्याजवळ गेला. ‘बाद झालात ना? चला, होडीत.’ आबा उठला, पण होडीकडं न जाता वाटेवर जाऊन उभा राहिला. मावशी फेरी घालून आली तेव्हा त्यानं आपल्या पाटीतला नारळ, खण आणि तांदळाची पुरचुंडी तिच्या पाटीत ठेवली. ‘आमच्या घरचं,’ एवढंच म्हणाला. मग होडीत बसला.

त्यानंतर तसंच होत गेलं. कुणाच्या पायात गोळे आले, कुणाला चक्कर आली, एका लेकुरवाळीला पान्हा फुटला आणि तिला पलीकडं पोराकडं जाणं भाग पडलं. जो बसला त्यानं आपल्या घरची ओटी अजून चालणाऱ्यांच्या पाटीत टाकली. ती माणसं बसली तेव्हा त्यांनी आपली आणि आधीची अशी दोन्ही पुढं दिली. चालणारे कमी होत गेले आणि पाट्या जड होत गेल्या. शर्यतीत दमलेला माणूस हलका होतो असं मी समजत होतो. इथं उलटं होतं. होडी माणसं पलीकडं सोडून रिकामी परत येत होती, आणि पलीकडच्या काठावर वाडीची गर्दी जमत होती. कुणी घरी जात नव्हतं. सगळे बेटाकडं तोंड करून बसले होते.

शेवटी दोघंच उरली. मावशी आणि तिचा चुलत दीर. दोघांच्या डोक्यावर मिळून सगळी वाडी. तो तिच्या मागं चार पावलांवर चालायचा आणि बोलायचा, आणि माझ्या टेबलाजवळून जाताना ते ऐकू यायचं.

‘वैनी, बसा आता. मान काय घर सोडून पळून जात न्हाई.’

‘जात न्हाई तर तू कशापायी चालतुयास?’

पुढच्या फेरीला तो म्हणाला, ‘तुमचं वय बघा.’

‘वय बघून चालले अस्ते तर सकाळीच बसले अस्ते. तू आपलं पोट बघ, घरी सुवासनी करून घालती त्ये.’

फिटर खो खो हसला. दीरही हसला, पण हसण्यात त्याचा दम गेला असावा. पुढची फेरी त्यानं निम्मी घातली आणि पाय धरून बसला. मांडीचा स्नायू दगडासारखा झाला होता. आम्ही धावत गेलो. त्यानं आमच्याकडं पाहिलंही नाही. तो मावशीकडं पाहत होता, ती पुढं निघून गेली होती. ती बेटाला वळसा घालून परत येईपर्यंत तो तिथंच बसून राहिला. हवालदारानंही त्याला उठवलं नाही. ती आली तशी त्यानं आपली भरलेली पाटी दोन्ही हातांनी वर उचलली.

‘वैनी,’ तो म्हणाला, ‘माज्याबी घरचं घे.’

ती थांबली. दिवसभरात माझ्या टेबलाखेरीज ती तेवढी एकदाच थांबली. डोक्यावरची पाटी खाली उतरवून तिनं त्याची पाटी आपल्या पाटीत रिती केली, लुगड्याचा पदर काढून तो ढीग वरून बांधला, आणि म्हणाली, ‘लाव की हात.’ दीरानं बसल्या बसल्या आणि मी उभ्यानं ती पाटी तिच्या डोक्यावर चढवली. मला पाटीचं वजन कळलं. मी त्या वजनाखाली झेंड्याच्या खांबापर्यंतही गेलो नसतो. अजून तीन फेऱ्या राहिल्या होत्या, आणि सकाळपासून तिचा उपास होता.

इकडं अध्यक्षांची चुळबुळ सुरू झाली होती. प्रमुख पाहुणे पुण्याहून आलेले सरकारी अधिकारी होते आणि त्यांना संध्याकाळची गाडी गाठायची होती. बक्षिसं वाटायची होती, आशिया खंडाचं वाक्य म्हणायचं होतं. ‘मास्तर, शर्यत संपली असं जाहीर करू,’ अध्यक्ष म्हणाले. ‘पहिला नंबर लागला. बाकी काय उरलंय?’

‘जाहीर केलंत तर ती स्पर्धक राहणार नाही,’ मी म्हणालो. ‘हवालदार तिला होडीत घालील. मग ओटी नाही.’

‘अहो, पण नियमावलीत...’ ते म्हणाले आणि थांबले. नियमावली त्यांनीच लिहिली होती. तीत शर्यत सुरू कशी करावी यावर दीड पान होतं. संपवावी कशी यावर एक ओळ नव्हती. ‘तेव्हा तो अध्यक्षांचा अधिकार,’ त्यांनी निर्णय दिला आणि भोंगा तोंडाशी नेला.

त्याच वेळी मावशी वळणावरून पुढं आली.

ऊन कलतं होतं आणि ते तिच्या पाठीमागून येत होतं. पाटी इतकी उंच झाली होती की आधी पाटी दिसली, मग बाई. फिटर तिच्या बाजूनं चालत होता. त्याची शर्यत केव्हाच संपली होती. तो केव्हा उठून तिच्यासोबत गेला ते मी पाहिलं नव्हतं. त्याच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो म्हणत होता, ‘तुमच्या देवीच्या सामानाला मी हात लावत नाही, मावशी. ते तुमचं तुम्ही बघा. पाणी तेवढं घ्या.’ तिनं न थांबता एका हातानं पाटी सावरली, दुसऱ्या हातानं तांब्या घेतला, आणि वरून न ओतता तोंड लावून पाणी प्यायली. तांब्या परत दिला. ज्यांना त्याचा अर्थ कळायला हवा होता त्यांना कळला असावा, कारण हवालदार उगाच दुसरीकडं पाहू लागला.

तिचे डोळे समोर होते, पण समोरचं काही पाहत नव्हते. पावलं सकाळची तीच. माझ्या टेबलाशी येऊन तिनं हात पुढं केला, मी कडं घातलं, तिनं पाटीमुळं वाकता येत नव्हतं म्हणून नुसते डोळे मिटून उघडले, आणि गेली.

अध्यक्षांचा भोंगा तोंडाशी होता तो तसाच खाली आला. थोड्या वेळानं त्यांनी डोक्यावरची हॅट काढली. ऊन कललं होतं, तेव्हा ती उकाड्यासाठी काढली नव्हती आणि वाऱ्यासाठीही नव्हती, वारा नव्हताच. ‘पाहुण्यांना होडीनं सोडून या,’ ते म्हणाले. पाहुणे भाषण न करता गेले. आमच्या शर्यतीच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडत होतं.

मला आजवर बऱ्याच मोठ्या गोष्टी मोठ्या म्हणून दाखवण्यात आल्या आहेत. पुतळे, मिरवणुका, कार्ल्याची लेणी, एकदा एक राज्यपाल. त्यातल्या लेण्यांपुढं मी खरोखर गप्प झालो होतो. दुसऱ्यांदा तसा गप्प झालो तो या दोन फेऱ्यांत. बेट तिच्याभोवती फिरतंय आणि ती जागच्या जागी पावलं टाकतेय असं वाटत होतं. आडवे झालेले कॉलेजातले तरुण उठून उभे राहिले होते, बूट हातात घेऊन.

सतरावं कडं घातल्यावर अध्यक्ष पुढं झाले. ‘आजीबाई, झालं. खांबापर्यंत जायची गरज नाही. मी माफ करतो.’

‘अर्दं कशाला ठिवू?’ ती म्हणाली. खांबाला हात लावून ती परत आली, आणि मग कुणालाही न विचारता देवळाच्या चढाला लागली. या वेळी तिला कुणी थांबवलं नाही.

आम्ही खालीच थांबलो. देऊळ म्हणजे चार दगडी खांब आणि वर कौलं, त्यामुळे सगळं दिसत होतं. तिनं पाटी उतरवली. पहिली ओटी आपल्या घरची भरली. मग एकेक खण, एकेक नारळ उचलून ती मोठ्यानं एकेका घराचं नाव घेऊ लागली, देवीला कुणाचं कोणतं ते कळावं म्हणून. पुरचुंड्या सगळ्या एकात एक झालेल्या, तरी तिनं एकही घर चुकवलं नाही. दिराच्या घराचं नाव सगळ्यात मोठ्यानं घेतलं. पाणी शांत होतं. तिचा आवाज टेकडीवरून उतरून पाण्यावरून पलीकडं जात होता, आणि ज्या घराचं नाव येई त्या घरची माणसं पलीकडच्या काठावर उठून उभी राहत होती. एकेक घर, एकेक झुबका. नावं संपली तेव्हा सगळा काठ उभा होता. मग तिनं दिवा लावला. पलीकडून एकदम आवाज उठला, ‘चांगभलं!’ तो पाण्यावरून आला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. माझा देवीवर विश्वास तेव्हा नव्हता आणि आजही नाही. काट्यानं त्याची चौकशी केली नाही.

मान तिच्याच घरात राहिला. पुढं बंदी उठल्यावर वाडी पुन्हा मंगळवारी होडीनं जाऊ लागली, आणि पहिली ओटी ती असेतो तिनंच भरली.

त्या संध्याकाळी अध्यक्षांनी आशिया खंडाचं वाक्य म्हटलं नाही. बक्षिसं मात्र द्यावी लागली, कारण ती आणलेली होती. त्या साली शर्यत पुरी करणारे एकूण दोघंच, त्यामुळे मावशीचा दुसरा क्रमांक आला. दुसऱ्या क्रमांकाचं बक्षीस म्हणजे दाढीचं सामान होतं, साबण आणि ब्रशासह.